खाच, ठिपका, त्रिकोण : प्रोसेसर बसवण्याचा एक इतिहास

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मदरबोर्डावर इंटेल ८०८८ या प्रोसेसरच्या शेजारी एक रिकामी खोबण ठेवलेली होती. चाळीस छिद्रांची ही खोबण ८०८७ या गणिती सहप्रोसेसरसाठी होती. ज्याला अपूर्णांकांची मोठी आकडेमोड वेगाने करायची असेल त्याने तो स्वतंत्र विकत घ्यावा आणि तिथे बसवावा, अशी योजना. या संगणकाच्या खुल्या रचनेविषयी, त्याच्या असंख्य नकलांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र ती रिकामी खोबण अधिक बोलकी वाटते. यंत्राचा मालक (किंवा त्याच्या वतीने दुसरा कोणी) एके दिवशी झाकण उघडून आत हात घालील, हे निर्मात्यानेच त्या खोबणीतून मान्य केले होते. हात घालणे आले की चूक आली, आणि चूक आली की तिची भरपाई कोणी करायची हा प्रश्नही आलाच.

साहित्यचर्चेच्या पानावर हा विषय कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, प्रोसेसर बसवताना होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच चुका वाचनाच्या चुका आहेत. एक खाच, एक ठिपका, सोनेरी रंगाचा एक त्रिकोण, छापील पुस्तिकेतला एखादा तक्ता : या चिन्हांचा अर्थ लावणाराने तो नीट लावला नाही, तर हजारो रुपयांची वस्तू क्षणात निकामी होते. अर्थनिर्णयनाचे इतके रोकडे परिणाम आपल्या क्षेत्रात सहसा पाहायला मिळत नाहीत.

८०८८ हा चिपांच्या जुन्या घराण्यातला. लांबट काळा देह, दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय, दिसायला गोमेसारखा. त्याच्या एका टोकाला अर्धगोल खाच असे आणि खोबणीच्या एका टोकालाही तशीच खाच असे. दोन्ही खाचा एका दिशेला आल्या पाहिजेत, एवढाच नियम. पण कारखान्यातून आलेल्या नव्या चिपचे पाय किंचित बाहेर फाकलेले असत. त्यामुळे ती आधी टेबलावर आडवी टेकवून पायांची एकेक रांग हलकेच आत वळवावी लागे. हे न करता कोणी सरळ दाबले, तर एखादा पाय छिद्रात न जाता चिपच्या पोटाखाली दुमडून बसे. वरून पाहणाऱ्याला सगळे व्यवस्थित दिसे. यंत्र कधी चाले, कधी न चाले. दुमडलेला पाय खोबणीच्या धातूला ओझरता टेकत असेल तर दिवसभर चालून संध्याकाळी थांबे. असा दोष शोधण्यात जाणकारांचेही तास जात.

चिप नीट बसवली तरी ती बसलेली राहीलच असे नव्हते. यंत्र सुरू केले की तापे, बंद केले की निवे. या प्रसरण-आकुंचनाच्या फेऱ्यांत चिप खोबणीतून केसाकेसाने वर सरकत जाई. दुरुस्ती करणारे यावर एकच उपाय करीत : झाकण उघडून प्रत्येक चिपवर अंगठा ठेवायचा आणि ती खाली दाबायची. ऍपल कंपनीच्या १९८० मधल्या 'ऍपल III' या यंत्रात चिपा सैल होण्याचा त्रास इतका होता की, यंत्र काही इंच उचलून टेबलावर सोडून द्यावे, म्हणजे चिपा जागेवर बसतील, असा सल्ला ग्राहकांना दिला गेल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्याकडे रेडिओला चापट मारून सुरू करणाऱ्या पिढीला या सल्ल्यात काही गैर वाटले नसते. असो.

पुढे प्रोसेसरच्या पायांची संख्या वाढत गेली आणि दोन रांगांत ती मावेना. १९८५ च्या ८०३८६ ला १३२ पिना होत्या, १९८९ च्या ८०४८६ ला १६८. या पिना आता चौकोनी चिपच्या तळाशी खिळ्यांच्या गादीसारख्या उभ्या होत्या. इथे दोन नव्या अडचणी आल्या. पहिली बळाची. प्रत्येक पिनेला आत जाताना थोडा विरोध होतो. तो दीडशेहून अधिक पटींनी वाढला की काय होते हे स्कॉट म्युलर यांनी संगणक-दुरुस्तीवरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नोंदवले आहे. साध्या खोबणीत १६९ पिनांची चिप बसवायला सुमारे १०० पौंड, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या आसपास, बळ लागे. 'कमी बळाच्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या खोबणीतही ते ६० पौंड होते. एवढा भार पातळ मदरबोर्डावर पडला की तो खालून वाकतो आणि त्यावरच्या तांब्याच्या बारीक रेषा तुटू शकतात. बसवणारा प्रोसेसर वाचवी आणि मदरबोर्ड गमावी.

दुसरी अडचण दिशेची. चौरस चारही दिशांनी सारखाच असतो, त्यामुळे ही चिप चार प्रकारे खोबणीत जाऊ शके आणि त्यांतला एकच प्रकार बरोबर असे. कोणता, ते एका छाटलेल्या कोपऱ्यावरून किंवा बारीक ठिपक्यावरून ओळखायचे. चुकीच्या दिशेने बसवून वीज सुरू केली की ती भलत्या पिनांवर जाई आणि चिप जळण्याची शक्यता असे. शरीराला अडवील असे काहीही तिथे नव्हते; सगळी भिस्त वाचनावर.

यावरचा उपाय म्हणून जी जास्तीची, एकशे एकोणसत्तरावी पिन आली, तिच्या मागे एक मजेदार कथा आहे. १९९१ मध्ये इंटेलने ४८६ एसएक्स नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्यात गणिती भाग बंद केलेला होता. ज्यांना तो हवा असेल त्यांच्यासाठी शेजारच्या खोबणीत बसवायला '४८७ एसएक्स' नावाचा सहप्रोसेसर विकायला ठेवला. प्रत्यक्षात हा सहप्रोसेसर नव्हताच. तो गणिती भागासह संपूर्ण ४८६ होता; तो बसला की जुन्या प्रोसेसरला गप्प करून सगळा कारभार स्वतःकडे घेई. त्याला एक पिन जास्त दिलेली होती, ती अशा जागी की चिप चुकीच्या दिशेने बसूच नये. नावाने सहायक आणि कामाने वारसदार अशी पात्रे नाटकांत पुष्कळ भेटतात. यंत्राच्या पोटात ती क्वचित भेटतात. १९८१ च्या रिकाम्या खोबणीत जो सरळपणा होता तो दहा वर्षांत कुठे गेला, हे मात्र इथे दिसते.

बळाचा प्रश्न सुटला तो दांडीच्या खोबणीने. बाजूची दांडी उभी केली की खोबणीच्या आतली पकड सुटते, प्रोसेसर स्वतःच्या वजनाने छिद्रांत उतरतो, दांडी आडवी केली की पकड घट्ट होते. १९९३ नंतरच्या पेंटियमच्या काळात ही रचना सार्वत्रिक झाली. तिच्यासोबत नियमही उलटा झाला. कालपर्यंत जोर लावल्याशिवाय प्रोसेसर बसत नव्हता. आता जोर लावावा लागतो याचाच अर्थ काहीतरी चुकले आहे. हाताला लागलेली सवय अशी एका सूचनेने जात नाही. एखादी पिन किंचित वाकडी असताना वरून अंगठा दाबला की ती पूर्ण आडवी होई, सरळ करू जाता मुळापासून तुटे.

शारीरिक अडचण सुटली तोच चुकीचे केंद्र कागदावर सरकले. १९९५ च्या सुमारास आलेली 'सॉकेट ७' ही ३२१ छिद्रांची खोबण या इतिहासातला सर्वांत वाचनीय भाग आहे असे मला वाटते. तिच्यात इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा बसे, सायरिक्सचाही बसे. एका खोबणीत तीन प्रतिस्पर्ध्यांचा माल बसण्याची ही उदारता पुढे पुन्हा आली नाही. परंतु प्रत्येकाची भूक वेगळी. साध्या पेंटियमला ३.३ व्होल्टच्या आसपास दाब लागे, १९९७ च्या पेंटियम एमएमएक्सच्या गाभ्याला २.८, आणि १९९८ च्या के६-२ ला २.२. हा दाब, बोर्डाचा मूळ वेग आणि त्याला गुणायचा आकडा, तिन्ही गोष्टी 'जंपर' नावाच्या प्लॅस्टिकच्या इवल्याशा टोप्या ठरावीक खिळ्यांवर घालून ठरवाव्या लागत. कोणती टोपी कुठे, याचा तक्ता मदरबोर्डासोबतच्या पातळ पुस्तिकेत असे. पुस्तिका हरवली की मदरबोर्ड अर्धा मुका झाला. आदल्या प्रोसेसरच्या जंपरवरच नवा सुरू केला, तर जास्त दाबाने तो आतून भाजून निघे.

त्या तक्त्यांतही एक खास गंमत होती. २३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम एमएमएक्स चालवायला ६६ ला साडेतीनने गुणावे लागे. पण जुन्या बोर्डांवर साडेतीनची सोयच नव्हती. तेव्हा प्रोसेसरमध्येच अशी व्यवस्था केली की, बोर्डावर 'दीड' लावले असता त्याने ते 'साडेतीन' असे वाचावे. पुढे ४०० मेगाहर्ट्झच्या के६-२ ने 'दोन'चा अर्थ 'सहा' असा घेतला. चिन्ह तेच आणि वाचक बदलला की अर्थ दुसरा, हा सिद्धान्त वर्गात समजावून सांगताना उदाहरणांची वाण पडते. हे एक घ्यावे. जुन्या पुस्तिकेशी प्रामाणिक राहणारा मनुष्य इथे अडे, आणि ज्याला कोणीतरी तोंडी सांगितले होते तो पुढे जाई.

हे तोंडी ज्ञान कुठे मिळे? आपल्याकडे नव्वदच्या दशकात पुष्कळ घरांत आणि छोट्या कचेऱ्यांत आला तो 'असेम्बल केलेला' संगणक : मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट. तिथल्या दुकानांतून सुटे भाग येत आणि जोडणारे हात ते ज्ञान एकमेकांकडून शिकत. मराठी मुद्रणाचा आणि अक्षरजुळणीचा व्यवसाय संगणकावर गेला तोही अशाच यंत्रांच्या आधाराने. पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड मदरबोर्डावरच्या विस्ताराच्या खोबणीत बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. म्हणजे काही काळ आपली लिपीसुद्धा झाकण उघडून आत बसवण्याची वस्तू होती. त्या काळच्या बाजारात प्रोसेसरवरचे अक्षर मात्र विश्वासाचे राहिले नव्हते. कमी वेगाच्या चिपवरचा मजकूर खरवडून त्यावर जास्त वेगाचा आकडा छापण्याचा धंदा जगभर चालला होता, आणि इंटेलने पुढे गुणकाचा आकडा प्रोसेसरमध्येच कुलूपबंद केला त्यामागे हेही एक कारण सांगितले गेले.

१९९७ मध्ये इंटेलने पेंटियम II साठी खोबणीचा नादच सोडला. प्रोसेसर आता व्हिडिओ गेमच्या कॅसेटसारख्या डबीत बंद होता आणि २४२ संपर्कांच्या लांब फटीत उभा बसे. १९९९ मध्ये एएमडीनेही ऍथलॉनसाठी तशीच फट आणली. जोडणीचा भाग तोच, फक्त उलट दिशेला वळवलेला. हा प्रकार दोन-तीन वर्षांत संपला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. चुका कमी झाल्या हे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

खरी धास्ती पुन्हा सुरू झाली ती २००० साली, एएमडीच्या ४६२ छिद्रांच्या 'सॉकेट ए' पासून. या प्रोसेसरचा सिलिकॉनचा गाभा उघडा होता, नखाएवढा, काचेसारखा ठिसूळ. त्यावर जड हीटसिंक ठेवायचा आणि त्याची पोलादी पट्टी स्क्रूड्रायव्हरने दाबून खोबणीच्या दातात अडकवायची. हीटसिंक थोडा तिरका टेकला तर गाभ्याचा कोपरा टवका उडून जाई. स्क्रूड्रायव्हर निसटला तर मदरबोर्डावरच्या रेषा कापल्या जात. चार कोपऱ्यांना रबराच्या चार टिकल्या होत्या, त्या पुरेशा नव्हत्या. बाजारात तांब्याच्या चौकटी वेगळ्या विकल्या जाऊ लागल्या. शिवाय ऍथलॉनला स्वतःच्या तापाची दखल घेता येत नसे. 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने सप्टेंबर २००१ मध्ये चालू यंत्रांवरचे हीटसिंक काढून घेतल्याचे चित्रीकरण प्रसिद्ध केले : पेंटियम ४ मंदावला पण चालत राहिला, पेंटियम III थांबला, ऍथलॉन धूर सोडून मेले. त्यापूर्वी पंख्याची तार जोडायला विसरणे ही किरकोळ चूक समजली जाई.

याच प्रोसेसरशी पेन्सिलचे नाते जोडले गेले आहे. गुणकाचे कुलूप चिपच्या पाठीवरच्या काही तुटक ठिपक्यांत होते; साध्या शिसपेन्सिलीने ते ठिपके जोडले की ग्राफाइटमधून वीज वाहे आणि कुलूप उघडे. वाकलेल्या पिना सरळ करण्यासाठीही शिसे काढून घेतलेल्या यांत्रिक पेन्सिलीचे पोकळ टोक हेच सर्वांत उपयोगी हत्यार ठरले. लेखनाच्या साधनाला इतके प्रत्यक्ष काम या उद्योगात दुसरे मिळाले नसेल.

इंटेलचा पेंटियम ४ या बाबतीत सभ्य होता. त्याच्या गाभ्यावर धातूचे झाकण होते. त्याने दुसरे दोष आणले. एक म्हणजे बारा व्होल्टची चार तारांची वेगळी जोडणी. ती विसरली की दिवे लागतात, पंखा फिरतो आणि पडदा काळा राहतो. जोडणारा बिचारा प्रोसेसरलाच दोष देत बसतो. दुसरा दोष काढतानाचा. हीटसिंकखालचा लेप वाळून चिकट झाला की हीटसिंक वर ओढताना प्रोसेसर दांडी बंद असतानाच खोबणीतून उपटून निघे आणि पिना वाकत. यावर यंत्र काही वेळ चालवून तापवावे, मग हीटसिंक उचलण्याऐवजी हलकेच पिळावा, हा तोडगा लोकांनी अनुभवाने काढला.

२००४ मध्ये इंटेलने जी खोबण आणली तिने या साऱ्या इतिहासाची दिशा बदलली. ७७५ संपर्कांच्या या रचनेत प्रोसेसरला पिना उरल्याच नाहीत. त्याच्या तळाशी सपाट सोनेरी ठिपके होते, आणि तारेसारख्या बारीक, तिरक्या पिना मदरबोर्डावरच्या खोबणीत गेल्या होत्या. दांडी दाबताना आता पुन्हा जोर लागे आणि करकर असा आवाज येई. दहा वर्षे 'जोर लावू नका' असे शिकलेल्यांना तो आवाज ऐकून घाम फुटला असल्यास नवल नाही. जास्त वीज आणि वेगवान संकेत वाहून नेण्यास ही रचना अधिक योग्य होती, आणि ते कारण खरेच आहे. पण तिचा एक परिणाम हिशेबाचाही होता. नाजूक, वाकणारा, तुटणारा भाग इंटेलच्या मालावरून निघून तैवानच्या मदरबोर्ड कंपन्यांच्या मालावर गेला. प्रोसेसरची पिन वाकली तर भांडण प्रोसेसरवाल्याशी. खोबणीतली वाकली तर मदरबोर्डवाल्याशी. प्रोसेसरच्या पिना सरळ रांगेत उभ्या असल्याने वाकडी एक पिन चटकन डोळ्यांत भरे आणि पेन्सिलीने सरळ करता येई. खोबणीतल्या पिनांपैकी एक वाकली तर ती भिंगाखाली, प्रकाश तिरका पाडून शोधावी लागते, आणि सुईने सरळ करू गेल्यास शेजारच्या दोन बिघडतात. ग्राहकासाठी सोपे केले असे सांगितले गेले. बसवणे सोपे झाले हे खरे, पण चूक झाल्यास ती निस्तरणे फार अवघड झाले.

त्यानंतरच्या अडचणी डोळ्यांना दिसेनाशा होत गेल्या. २०१५ आणि २०१७ च्या इंटेल प्रोसेसरांसाठी '११५१' याच आकड्याच्या दोन खोबणी आल्या. आकार तोच, संपर्क तेवढेच, पण काही पिनांची कामे बदललेली. एकीतला प्रोसेसर दुसरीत मजेत बसे आणि चालत नसे. एएमडीच्या २०१६ च्या 'एएम४' खोबणीत पुष्कळ पिढ्यांचे प्रोसेसर बसत, मात्र नव्या पिढीला ओळखण्यासाठी मदरबोर्डातील बायॉस नावाची प्रणाली नवी करावी लागे; ती नवी करायला यंत्र सुरू व्हावे लागे; आणि यंत्र सुरू व्हायला त्या जुन्या बायॉसला ओळखीचा असा प्रोसेसर हवा. २०१८ मध्ये हे कोडे इतक्या ग्राहकांना पडले की, एएमडीने त्यांना एक जुना प्रोसेसर उसना पाठवण्याची सोय केली : बसवा, बायॉस नवी करा, परत पाठवा. मे २०२० मध्ये तिने जुन्या मदरबोर्डांवर पुढची पिढी चालणार नाही असे जाहीर केले, तेव्हा ग्राहकांनी असा गदारोळ केला की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. खोबणीत बसणाऱ्या वस्तूवर आपला हक्क आहे, अशी १९८१ पासूनची समजूत इतकी पक्की झाली होती.

२०२२ मध्ये एएमडीनेही डेस्कटॉप प्रोसेसरच्या पिना काढून १७१८ संपर्कांच्या खोबणीत घातल्या. तोवर लॅपटॉपांत प्रोसेसर थेट बोर्डाला डाख देऊन जोडण्याची रीत रुळली होती, आणि ऍपलच्या २०२३ च्या मॅक प्रो या मोठ्या यंत्रातूनही प्रोसेसरची खोबण गेली. जिथे ती टिकून आहे तिथे नव्या मदरबोर्डासोबत पिनांवर काळ्या प्लॅस्टिकचे एक झाकण येते. प्रोसेसर बसवताना ते आपसूक उडून पडते, आणि अनेक जण ते खोक्यासोबत टाकून देतात. नामांकित कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये मात्र त्याविषयी एक परिच्छेद असतो. बसवताना किंवा काढताना झालेल्या चुकीने पिनांना इजा झाल्यास हमी लागू नाही. आणि दुरुस्तीसाठी मदरबोर्ड पाठवायचा असल्यास खोबणीवर ते झाकण हवे, एरवी तो स्वीकारला जाणार नाही, असा त्याचा आशय. पुस्तिकेतील इतर सूचना ग्राहकाला उद्देशून, आज्ञार्थी आहेत : दांडी उचला, त्रिकोण जुळवा, प्रोसेसर ठेवा. त्या परिच्छेदात मात्र कर्ता शोधावा लागतो.